रोशा, धूर आणि राखीव जंगल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशातून परदेशी जाणाऱ्या मालात कापूस पहिला, हे शाळकरी पोरालाही सांगता येते. नंदुरबार-तळोद्याकडच्या डोंगरउतारांवरून निघणारा दुसरा एक माल मात्र आता फारसा कुणाच्या लक्षात नाही. तो म्हणजे रोशा गवताचे तेल. पाऊस सरता सरता गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. तेल मुंबईला येई, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे आणि बल्गेरियातल्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियमचे तेल’ म्हणत. त्यात तुर्कस्तानचे काही नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. ते गुलाबतेल पुढे पॅरिसचे अत्तरवाले घेत. म्हणजे १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत इम्प्रेशनिस्ट, अर्थात दृक्प्रत्ययवादी, चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते पाहायला आलेल्या एखाद्या बाईच्या रुमालाला सातपुड्यातल्या गवताचा वास असणे अगदी शक्य होते. ते गवत कापणाऱ्या भिल्ल माणसाचे चित्र मात्र त्या प्रदर्शनात नव्हते आणि मुंबईतही कुणी काढले नाही. मुंबईची कलाशाळा १८५७ सालीच निघाली होती. पण नंदुरबारला आगगाडी पोहोचायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले आणि तिथून सातपुड्यातला अक्राणीचा डोंगर पुढे पायीच. सातपुड्यातल्या श्रमाचे चित्र त्या काळी कुंचल्याने काढले नाही. ते सरकारी दप्तराने काढले. माझे म्हणणे असे की दप्तराचे ते चित्र चुकीचे होते, आणि त्याची चूक नेमकी कुठे झाली ते समजायला त्याच वर्षांतली फ्रेंच चित्रे फार उपयोगी पडतात.

त्या इम्प्रेशनिस्टांपैकी क्लोद मोने तेविशीच्या आसपास होता तेव्हा, १८६३च्या सुमारास, त्याने रानाच्या कडेला लाकूडफाटा वेचणाऱ्या माणसांचे एक चित्र केले. ते आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात अजून इम्प्रेशनिझम पुरता उमललेला नाही. फाँतेनब्लोच्या जंगलाभोवती वावरणाऱ्या बार्बिझाँ चित्रकारांची छाप स्पष्ट दिसते. पण विषय पाहा. रान आणि शेत यांच्या शिवेवरची माणसे, आणि त्यांचे काम वाळके लाकूड गोळा करण्याचे. सोळा वर्षांनी त्यांच्यातल्याच कामिय पिसारोने पाँत्वाजमध्ये लाकूड कापणाऱ्या एका म्हाताऱ्याचे चित्र रंगवले. घोडीवर ओंडका आडवा टाकलेला, म्हातारा करवतीवर वाकलेला, आणि मागची सगळी हिरवाई रंगाच्या बारीक फटकाऱ्यांनी थरथरत असलेली. माणसाला झाडांपासून वेगळा काढणारी ठसठशीत बाह्यरेषा पिसारो टाळतो. ज्या फटकाऱ्यांनी पाने झाली त्याच फटकाऱ्यांनी सदरा झाला. शिवाय चित्राच्या नावात त्या माणसाचे नाव आहे: पेर मेलाँ, म्हणजे मेलाँबाबा. खानदेश जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८० साली छापून आले, या चित्राच्या पुढच्याच वर्षी. त्यात भिल्लांच्या पोटजाती आहेत, चालीरीती आहेत, जंगलातल्या झाडांची लांबलचक यादी आहे: साग, खैर, अंजन, तिवस, सालई, मोह. ग्रंथ मेहनतीने केलेला आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. खानदेशावर लिहिणाऱ्या कुणाचेही त्यावाचून चालत नाही. पण झाडे एका प्रकरणात आणि माणसे दुसऱ्या प्रकरणात. पिसारोने जी बाह्यरेषा पुसली ती इथे पक्क्या शाईने ओढलेली आहे.

कुणी म्हणेल, फ्रान्समधल्या चित्राचा सातपुड्यातल्या कारभाराशी बादरायण संबंध जोडण्याचा हा प्रकार आहे. तसा तो असता तर मीही त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण हा संबंध कागदावरचा, अगदी नोकरशाहीचा आहे. हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेल्या इंग्रज तरुणांना १८६७ पासून जवळजवळ वीस वर्षे फ्रान्समधल्या नॅन्सीच्या वनविद्यालयात शिकायला पाठवत असत, कारण इंग्लंडात तशी शाळाच नव्हती. मोने आणि पिसारो ज्या देशात लाकूडफाट्याची चित्रे काढत होते, त्याच देशात, त्याच वर्षांत, आपले भावी जंगलसाहेब लाकूडफाटा हा गुन्हा केव्हा होतो ते शिकत होते. फ्रान्सचा १८२७चा वनकायदा त्यांच्या अभ्यासाचा कणा होता. त्या कायद्याने गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे जुने हक्क आवळले. आरिएज या डोंगराळ भागातले शेतकरी १८२९ साली तोंडाला काळे फासून, बायकांसारखे लांब सदरे घालून वनरक्षकांवर धावून गेले ते त्याच कायद्याविरुद्ध. आणखी एक दुवा तर खास सातपुड्याचा आहे. मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात १८६०च्या दशकात वणवाबंदीचा पहिला मोठा प्रयोग झाला. तो करणारे कर्नल पिअर्सन पुढे नॅन्सीत इंग्रज विद्यार्थ्यांवर देखरेख करायला नेमले गेले. सातपुड्याच्या पूर्वेकडच्या एका रानात सिद्ध झालेला धडा फ्रान्सला गेला आणि तिथून फिरून मुंबई इलाख्यात आला. त्याचे सार एवढेच होते की जंगलात आग नको, आणि आग लावणारा माणूसही नको.

या शिक्षणाचे हिंदुस्थानी रूप म्हणजे १८७८चा सातवा कायदा. सरकारने एखादे जंगल राखीव करण्याचा इरादा जाहीर केला की जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढणार, आणि ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी निदान तीन महिन्यांच्या मुदतीत लेखी द्यायचे किंवा समोर येऊन सांगायचे. वरवर पाहता यात अन्याय दिसत नाही. जाहीरनामा देशी भाषेत गावोगाव लावायचा असे कायद्यातच होते. पण इथली सरकारी देशी भाषा मराठी, आणि डोंगरातला माणूस भिलोरी किंवा पावरी बोलणारा. तेही बाजूला ठेवू. खरी मेख हक्काच्या व्याख्येत होती. वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, चराईचा हक्क, वनउपजेचा हक्क असे दाव्याचे साचे ठरलेले होते. ‘हा उतार आम्ही असा राखला म्हणून तो असा आहे’ हे सांगायला त्यात रकाना नव्हता. जंगलातून काही घेणे हा दावा होऊ शके. जंगलासाठी काही करणे हा होऊ शकत नसे. मुदत संपली, जंगल राखीव झाले की कुऱ्हाड, विस्तव आणि गुरे या तिन्ही गोष्टी परवानगीशिवाय गुन्हा. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला आणि मोहाच्या फुलांपासून घरी दारू गाळणे सरकारच्या डोळ्यावर आले. एकाच वर्षात डोंगरातल्या माणसाच्या उन्हाळ्यातली निम्मी कामे गुन्ह्यांच्या यादीत गेली. मोहाच्या हंगामात झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेले फूल दिसते आणि वेचता येते. या एका साध्या कामात आग, वनउपज आणि दारू असे तिन्ही संशय एकत्र येत.

आता रोशाकडे परत येऊ, कारण दप्तराच्या चित्रातली भेग तिथे उघडी पडते. भट्टी म्हणजे धातूची मोठी देग. त्यात गवताच्या पेंढ्या दाबून भरायच्या, वर पाणी ओतायचे, झाकण घट्ट बसवून फटी लिंपायच्या. झाकणातून निघालेली बांबूची नळी सुतळीने गुंडाळून तिरपी खाली आणायची आणि तिचे तोंड ओढ्याच्या वाहत्या थंड पाण्यात अर्धवट बुडवलेल्या भांड्यात सोडायचे. खाली जाळ. वाफ नळीतून येते, भांड्यात निवते, पाण्यावर तेलाचा पातळ थर चढतो, तो हलक्या हाताने काढून घ्यायचा. डोंगरभर कापलेल्या गवतातून निघे ते अगदी थोडके. सगळा कस गवत केव्हा कापायचे आणि कुठले कापायचे यात. इंग्रजी टिपणांत लिहून ठेवले होते की गवत कोवळे, निळसर-पांढरे असताना त्याला मोतिया म्हणतात आणि तेच पिकून तांबडे झाले की सोफिया. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी नीट तपासले तेव्हा ध्यानात आले की हे एकाच गवताचे दोन वयोगट नव्हेत. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या: मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर, सोफिया ओलसर सावलीत. मोतियाचे तेल गुलाबाच्या जवळ जाणारे, म्हणून भाव त्याला. भट्टीवाल्याने दोन्हींची सरमिसळ केली तर ठेकेदार नाक मुरडणार, हे उघड आहे. तेव्हा विळा धरणाऱ्या हाताला हा फरक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आधी कळत असला पाहिजे. दुपारच्या उन्हात एका उतारावरचा निळसर-पांढरा रंग आणि शेजारच्या घळीतला तांबूस रंग वेगळे पाहणे ही पॅरिसमध्ये कलेतली क्रांती मानली गेली. तळोद्याच्या डोंगरात त्यावर मजुरी ठरत होती.

आणि मोतियाला उघडा उतार लागतो म्हणजे काय? झाडोरा दाट झाला, सावली पडली की तो मागे हटतो. उतार विरळ राहिला, उन्हाळ्यात वाळके गवत जळून गेले, तर पहिल्या पावसाबरोबर त्याची जुनी खोडे पुन्हा जोमाने फुटतात. कुऱ्हाड आणि विस्तव यांनी मोकळ्या ठेवलेल्या जागेतच हे गवत सुखाने नांदते. म्हणजे ज्या उत्पन्नाचे लिलाव करून सरकार पैसा मिळवत होते, ते उत्पन्न ज्या कामांवर उभे होते तीच कामे सरकारने गुन्हा ठरवली होती. लिलावाच्या कागदात रोशा ही ‘नैसर्गिक उपज’. तिच्यामागचा वणवा दुसऱ्या कागदात ‘भिल्लांचा निष्काळजीपणा’. दोन्ही कागद एका टेबलावर येत असतील, पण एकमेकांशी बोलत नसत. सातपुड्याचे जंगल ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहतो, त्यातल्या मोकळवनांत, गवताळ उतारांत, गावाजवळ राखलेल्या मोहाच्या थोराड झाडांत माणसाच्या कामाचा हात आहे. मोहाचे झाड कुणी तोडत नाही म्हणून ते उरते. ते न तोडणे हेही कामच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की मी वणव्याचे गुणगान गातो आहे, आणि जंगल संपवले ते याच कुऱ्हाडीने. यात तथ्याचा अंश आहे. वर्षानुवर्षे चैत्र-वैशाखात मोकाट आग लागत राहिली तर सागाची रोपे मरतात, माती उघडी पडते. लोकसंख्या वाढली की पूर्वी निभावून गेलेली तोड निभत नाही. ते नाकारून चालणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या जंगलावर जो अचानक ताण आला त्याचा हिशेब लावताना आधी मोठे गिऱ्हाईक पाहावे. १८६०च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे भुसावळपर्यंत आली, तिला रुळांखाली लाकूड हवे होते आणि इंजिनात सरपण. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत कापसाचा भाव कडाडला आणि तापीकाठची पडीक, झुडपी जमीन भराभर नांगराखाली गेली. सपाटीवरचे रान गेले तसा डोंगरावर भार वाढला. यातले एकही कारण अक्राणीच्या पाड्यात जन्मलेले नव्हते. वणव्याबद्दल तर खुद्द वनखात्यालाच पुढे माघार घ्यावी लागली: बर्मातल्या सागवानी जंगलांत आग पूर्ण बंद केल्यावर सागाचे पुनरुत्पादन खुंटते असे दिसून आले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या अधिकाऱ्यांनीच वणवाबंदी शिथिल करायला सुरुवात केली. पाचोळा वेळेवर, हलक्या आगीने जाळण्याची पद्धत नंतर खात्याच्या कार्ययोजनांत आली. ती शास्त्र म्हणून आली. डोंगरातल्या लोकांचे त्यात काही देणे लागतो, असे कुणी नोंदले नाही.

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या बाजूने येईल, आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. चित्रकारांची नजर एवढी निर्मळ कुठे होती? फाँतेनब्लोच्या जंगलासाठी जिवाचे रान करणारा तेओदोर रूसो याने १८४७ साली झाडतोडीचे चित्र काढले आणि त्याला नाव दिले ‘निष्पापांचे हत्याकांड’, बायबलमधल्या बालहत्येच्या प्रसंगावरून. झाडे म्हणजे निष्पाप बालके, मग कुऱ्हाडवाले मजूर कोण, हे सांगायला नको. चित्रकारांच्याच रेट्यामुळे १८६१ साली त्या जंगलाचा हजारभर हेक्टरांचा भाग ‘कलेसाठी राखीव’ झाला; जगातल्या पहिल्या निसर्ग-राखीव क्षेत्रांत त्याचे नाव घेतात. म्हणजे जंगलातून श्रम पुसून दृश्य तेवढे ठेवायची कल्पना वनखात्याइतकीच चित्रकारांचीही होती. हे मान्यच केले पाहिजे. उलट मोने-पिसारोंच्या चित्रात काम इतके ऊन-सावलीत विरघळते की त्याचे कष्ट हरवतात, असेही म्हणता येईल. मेलाँबाबाच्या पाठीला कळ लागत असेल की नाही ते रंगांच्या फटकाऱ्यांतून कळत नाही. शिवाय फ्रान्समधल्या शेतकऱ्याला १८४८ पासून मत होते, खटला भरायला न्यायालय होते, अक्राणीतल्या पावरा आदिवासीला यातले काहीच नव्हते. तुलना या मर्यादेतच घ्यायची. पण रूसो आणि पिसारो यांच्यात जो फरक आहे तो मर्यादेतही उरतो. रूसोसाठी जंगल म्हणजे माणूस येण्याआधीचे काहीतरी, जे वाचवायचे. पिसारोच्या चित्रात माणूस काढून घेतला तर चित्रच उरत नाही, कारण ते रान कापलेले, वापरलेले, राबलेले रान आहे. वनखात्याने आपली नजर रूसोकडून घेतली, किंवा दोघांनी ती एकाच काळातून घेतली. सातपुड्याच्या बाबतीत मात्र खरी निघते ती पिसारोची.

गंमत, म्हणजे दुःखद गंमत, अशी की जंगलातून हुसकलेला श्रम खात्याला लगेच परत बोलवावा लागला. झाडे स्वतःहून पडत नाहीत, वणवा अडवणारे जाळपट्टे स्वतःहून साफ होत नाहीत. म्हणून वनगावे वसली: राहायला आणि थोडे कसायला जमीन, त्या बदल्यात खात्याच्या कामाला हजर राहायचे. ज्या माणसाला विस्तव लावला म्हणून दंड होई तोच दुसऱ्या दिवशी खात्याच्या हुकमाने जाळपट्टा जाळी. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, ठेकेदाराकडे, तोड भिल्लाकडे, हिशेब ठेकेदाराच्या वहीत. १९३७ साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले, त्याने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या चौकशीसाठी नेमले. त्याच्या अहवालात पश्चिम खानदेशही होता, आणि सावकार, ठेकेदार व खालचे सरकारी नोकर यांच्या वेठीचे त्याने केलेले वर्णन सरकारी कागदात क्वचित आढळेल इतके उघड आहे. त्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या: ठेकेदार वगळून कूप थेट राबणाऱ्यांच्या संस्थेला. काही ठिकाणी त्या चांगल्या चालल्या, काही ठिकाणी ठेकेदारच दुसऱ्या दाराने आत आला. पण या संस्थांनीही श्रम ओळखला तो मजुरी म्हणून. जंगल घडवणारे काम हे त्याचे रूप हिशेबात आले नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी शहाद्यात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंतींच्या आणि श्रमिक संघटनेच्या लढ्याने जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तिथेही झोत मुख्यतः सपाटीवरच्या शेतीवर राहिला. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या वनगावांना महसुली गावाचा दर्जा मिळायला आणखी काही दशके गेली.

१८७८च्या कायद्यात नसलेला रकाना अखेर २००६च्या वनहक्क कायद्याने उघडला, आणि तोही नियमांत, फार बोलबाला न होता. २००८च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी कागद आहेत, वडीलधाऱ्यांचे निवेदन आहे, आणि जमिनीवर प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणाही आहेत: घर, झोपडी, सपाट केलेला तुकडा, बांध, पाणी अडवायला घातलेली दगडी ताल. जमिनीला लागलेला हात हाच दाव्याचा पुरावा. नंदुरबारमधून या कायद्याखाली हजारोंनी दावे दाखल झाले, आणि लगेच नवा तंटा उभा राहिला, कारण दावे तपासायला उपग्रहाची छायाचित्रे पुढे आली. १३ डिसेंबर २००५ या दिवशी त्या तुकड्यावर शेती होती का, हे वरून पाहून ठरवायचे. वरून पाहिले की चार झाडांच्या सावलीतली नागली दिसत नाही, डोंगरउतारावर हाताने रचलेली ताल दिसत नाही, एक वर्ष पड टाकलेले शेत झुडपासारखे दिसते. सातपुड्याचे हे नवे चित्र, गॅझेटिअरपेक्षा कितीतरी स्पष्ट, आणि चूक तीच. २०१२ साली नियम दुरुस्त करून केंद्र सरकारला लिहावे लागले की उपग्रह-छायाचित्रे इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येतील, त्याची जागा घेऊ शकणार नाहीत. दावा फेटाळायचा तर वनहक्क समितीने उतारावर जाऊन ताल पाहिलेली असली पाहिजे.